गुप्तधनाला एक फटका

संगमनेर हे फटक्याचं गाव आहे. शाहीर अनंत फंदी इथलाच, अठराव्या शतकातला. लावण्या-पोवाड्यांबरोबर त्याने फटके रचले, म्हणजे गोड न बोलता लोकांना चार गोष्टी सुनावणारी कवनं. मला कवनं जमत नाहीत. मी जीएसटीची रिटर्न भरून पोट भरतो. पण गेली दोन वर्षं माझ्या गावात, माझ्या नात्यात आणि माझ्या फोनवर न सापडलेल्या सोन्याची चर्चा चालली आहे, आणि आता कुणीतरी सुनावायला हवं. कुणी सुनावत नाही म्हणून मी सुनावतो.

ते सोनं म्हणजे जालन्याच्या लुटीचं. रीलचा साचा एव्हाना पाठ झाला आहे. पट्टा किल्ल्यावरून ड्रोन घिरट्या घालतो, मागे पवनचक्क्या फिरतात, ढोल वाजतो आणि एक जाड आवाज विचारतो, महाराजांनी जालन्याहून आणलेला अफाट खजिना गेला कुठे? मग एक बाण येतो, नकाशावर लाल वर्तुळ येतं, आणि पुढचा भाग बघायला सबस्क्राइब करा. पुढच्या भागातही वर्तुळच असतं, फक्त दुसऱ्या डोंगरावर.

आधी जे घडलं ते सांगतो, कारण रीलमध्ये तेवढंच नसतं. १६७९ च्या शेवटी दिलेरखान विजापूरला भिडला होता. आदिलशाही बुडाली की पुढचा घास आपला, हे शिवाजी महाराजांना स्पष्ट दिसत होतं. म्हणून मोगलांचं लक्ष मागे खेचायला ते थेट मोगली मुलखात शिरले आणि नोव्हेंबरात जालना लुटलं. जालना तेव्हाची भरलेली बाजारपेठ. परतताना संगमनेरच्या आसपास रणमस्तखानाने गाठलं. तीन दिवस झुंज चालली. सिधोजी निंबाळकर पडले. औरंगाबादेहून आणखी मोगली फौज येत होती. तेव्हा बहिर्जी नाईकांनी महाराजांना आडवाटांनी, रात्रीचा दिवस करून पट्ट्यावर आणून पोचवलं. तारीख २२ नोव्हेंबर १६७९ च्या सुमाराची. महाराजांनी तिथे विश्रांती घेतली म्हणून पट्ट्याचा विश्रामगड झाला. पुढे ३ एप्रिल १६८० ला रायगडावर महाराज गेले. मधे साडेचार महिनेही नाहीत.

या साडेचार महिन्यांच्या फटीत सगळ्या थिअऱ्या उगवल्या आहेत.

सगळ्यात लाडकी थिअरी अशी: पाठलाग चालू असताना महाराजांनी लूट वाटेत पुरली, जागा फक्त बहिर्जींना ठाऊक होती, महाराज अचानक गेले आणि जागा सांगायची राहून गेली. ऐकायला झकास आहे. आता ही थिअरी माझ्या टेबलावर व्हाउचरसारखी ठेवून बघू.

लूट म्हणजे काय हे आधी ठरवा. मोगली मुलखातल्या व्यापाऱ्याची रोकड म्हणजे मुख्यतः चांदीचा रुपया. एक रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा. एक लाख रुपये म्हणजे जवळजवळ साडेअकराशे किलो चांदी. एका लादलेल्या तट्टावर ऐंशी-शंभर किलोच्या वर ओझं टाकलं की ते डोंगरात बसकण मारतं. म्हणजे एका लाखाला डझनभर जनावरं. रीलवाले कोटीच्या खाली बोलत नाहीत, मी दहाच लाख धरतो. तरी सव्वाशे जनावरं झाली. शिवाय लुटीत कापड असतं, घोडे असतात, उंट असतात, भांडीकुंडी असतात. कापड पुरून ठेवायला कुणी जात नाही आणि घोडा पुरता येत नाही.

आता खड्डा. इथे मी प्रामाणिकपणे सांगतो, दहा लाख रुपयांना खड्डा फार मोठा लागत नाही. चांदी जड असते, पण जागा कमी खाते. एका मोरीएवढ्या खड्ड्यात मावेल. अडचण खड्ड्याची नाही, माणसांची आहे. सव्वाशे जनावरं उतरवायची, त्यांचे हाकणारे, खणणारे, पहारा करणारे, आणि हे सगळं हजारोंच्या फौजेच्या मधोमध, रणमस्तखान पाठीवर असताना, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात. दोनशे माणसांना तरी ती जागा माहीत होणार. मग 'फक्त बहिर्जींना ठाऊक' हे कसं जमवायचं? त्यावर एका यूट्यूबवाल्याचं उत्तर मी ऐकलं, की खणणाऱ्यांना नंतर मारून टाकलं. अरे बाबा, तू कुणाबद्दल बोलतोयस? आपल्याच मावळ्यांना गुपितासाठी मारणारा राजा तू कुठल्या बखरीत वाचलास? हाच माणूस रीलच्या सुरुवातीला मुजरा करतो.

आणि समजा पुरलं. महाराज जाईपर्यंत चार महिने होते. बहिर्जी, मोरोपंत, हंबीरराव, सगळं राज्य जागेवर होतं. पट्टा किल्ला त्यानंतरही काही वर्षं मराठ्यांकडेच होता. पैशाची गरज तर रोजची होती. आपल्याच मुलखात, आपल्याच किल्ल्याच्या पायथ्याशी ठेवलेली रोकड कुणीच उचलायला गेलं नाही?

जदुनाथ सरकारांनी या माघारीचं जे वर्णन केलं आहे त्यात लूट आणि तळ मागे टाकून मराठे निसटले असं आहे. मराठी बखरींचा सूर वेगळा आहे. त्यात विजयाचा रंग जास्त आहे. या दोन्हींपैकी काय खरं, यावर अभ्यासकांनी खुशाल भांडावं. माझ्या हिशेबाला दोन्ही चालतात. लूट टाकली असेल तर ती मोगल शिपायांच्या कनवटीला गेली. पळणारं सैन्य ओझं टाकतं त्यात एक फायदाही असतो, मागचा वेचायला थांबतो. आणि लूट वाचली असेल तर ती राजाच्या खजिन्यात गेली आणि खर्च झाली. जमाखर्चाचं पान इथे मिटतं. तिसरी रक्कम येते कुठून?

पण खर्च झाली, हे कुणाला ऐकायचं नसतं. खर्चाला ढोल लावता येत नाही.

मला या थिअरीचा खरा राग इथे येतो. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बसून जी बखर लिहिली, तिच्यात लष्कराची शिस्त दिली आहे. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची मोजदाद व्हायची. परतताना झडती व्हायची. जास्त निघेल ते सरकारजमा, नाहीतर पगारातून वळतं. शिपायांना जमीन तोडून देण्यापेक्षा रोख पगार देण्याकडे महाराजांचा कल होता. म्हणजे राज्याला रोकड सतत लागायची. सुरत जानेवारी १६६४ मध्ये लुटली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचा पाया घातला. १६७९ मध्येच, जालन्याच्या काही महिने आधी, खांदेरीच्या बेटावर तट चढवायला सुरुवात झाली होती आणि त्यावरून मुंबईच्या इंग्रजांशी समुद्रात झटापटी चालू होत्या. घोडी, गलबतं, चुना, दगड, दारूगोळा, पगार. पैसा असा फिरत होता. जो राजा लुटलेल्या कापडाचा ठाणही वहीत चढवायला लावतो, त्याला तुम्ही डोंगरात हंडे पुरणारा करून टाकता. पुरून ठेवणं हे चोराचं काम आहे. राजा खर्च करतो.

याच लुटीची दुसरी थिअरी 'शापित सोन्या'ची. जालन्याला जान मुहंमद नावाचे एक फकीर होते. सावकार आपली दौलत घेऊन त्यांच्या आश्रयाला गेले, मराठ्यांनी तिथेही लूट केली, फकिराने शाप दिला आणि पाच महिन्यांत महाराज गेले, अशी ही कथा. ती मोगलांच्या बाजूच्या लेखनातून, खाफीखानासारख्यांकडून आली आहे. शत्रूपक्षाचा माणूस आपल्या शत्रूच्या मृत्यूचं कारण शापात शोधणार, यात नवल नाही. नवल याचं, की भगवी पट्टी लावलेल्या चॅनेलवर तीच कथा 'या सोन्याला हात लावणारा जगत नाही' अशी फिरते, आणि ती मुळात कुणाची हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. भुताची गोष्ट हवी तर घ्या, पण कुणाच्या घरून आणली तेवढं तरी बघा.

तिसरी थिअरी पेमगिरीची. संगमनेरपासून जवळच हा किल्ला. त्याच्या पायथ्याच्या गावातला अवाढव्य वड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, नसेल तर जरूर बघा. १६३२ मध्ये शहाजीराजांनी इथे मुर्तजा नावाच्या लहान मुलाला निजामशहा म्हणून गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार चालवला. चार वर्षांनी माहुलीला ते सगळं संपलं. आता म्हणे 'निजामशाहीचा खजिना' पेमगिरीत आहे. अरे, १६३० ते १६३२ हा दख्खनच्या इतिहासातल्या भीषण दुष्काळांपैकी एक. माणसं गावं सोडून गेली होती. त्या दुष्काळाच्या शेपटाला, एका बाजूला मोगल आणि दुसऱ्या बाजूला आदिलशाही अशा कात्रीत, एक सरदार मोडक्या राज्याची डागडुजी करतो आहे. त्याच्याकडे पुरण्याएवढं शिल्लक असतं तर निजामशाही माहुलीत संपली नसती. या थिअरीला मी एवढाच वेळ देतो.

पेशवाईची थिअरीही आहे, दुसरा बाजीराव १८१७ च्या शेवटी जुन्नर-ओतूरच्या बाजूने पळत होता तेव्हा त्याने म्हणे काही 'ठेवलं'. पेशव्याच्या दौलतीचं खरोखर काय झालं याचं एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. त्र्यंबकेश्वरच्या महादेवाचा म्हणून ओळखला जाणारा हिरा १८१८ मध्ये बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेला. तिथून लंडन. तिथे तो जवाहिऱ्याने विकत घेतला, पुढे एका सरदार घराण्याकडे गेला, विसाव्या शतकात अमेरिकेत पोचला, हॅरी विन्स्टनने त्याला नव्याने पैलू पाडले, आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला. जगात तो 'नासक' म्हणून ओळखला जातो, म्हणजे नाशिक. हे आहे हरवलेल्या खजिन्याचं खरं चरित्र. त्याला खड्डा नसतो, पावती असते. पण या हिऱ्यावर मला आजवर एकही रील दिसली नाही, कारण तो शोधायला कुदळ घेऊन जाता येत नाही.

रायगडच्या बत्तीस मणांच्या सिंहासनाचंही तेच. सभासदाने बत्तीस मण सांगितले म्हणून लोक आजच्या किलोत गुणाकार करत बसतात, मणाचं वजन मुलखागणिक वेगळं होतं हे सोडून देतात. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड इतिकादखानाच्या, म्हणजे पुढच्या झुल्फिकारखानाच्या हाती पडला. येसूबाई आणि लहानगे शाहूराजे कैदेत गेले. जी फौज राजाची राणी आणि वारस घेऊन जाते ती सोनं सोडून जाईल? तरी गंगासागर तलावाच्या तळाशी सिंहासन आहे असं सांगणारा दर पावसाळ्यात एक तरी भेटतो.

"तुला काय करायचंय? लोकांची करमणूक आहे," असं मला पुष्कळांनी ऐकवलं. करमणूक असती तर मी रिटर्न भरत बसलो असतो.

माझा आतेभाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे. त्याला मी दादा म्हणतो. दोन एकर डाळिंब होतं, तेल्याने गेलं. त्याचा मुलगा बारावीला आहे. मागच्या दिवाळीनंतर तो तीन माणसांच्या सोबतीने डोंगरात जायला लागला. वहिनींना सांगायचा, जमिनीचं काम आहे. मग कळलं की 'मशीन' घेतलंय. मशीन म्हणजे एक पेटी, तिला दोन लांब तारा, हातात धरून चालायचं, तारा एकमेकींकडे वळल्या की खाली सोनं. पेटीवर एक डायल आहे, त्यावर सोनं, चांदी, हिरा असे पर्याय. मी ती उघडून बघितली. आत एक बॅटरी आणि एक छोटा दिवा होता.

"दादा, यात काहीच नाहीये रे."

"तुला त्यातलं काय कळतं? तू कागदं भर."

पैसे कुठून आणले हे विचारल्यावर तो गप्प राहिला. वहिनींनी सांगितलं. त्यांच्या पाटल्या आणि मोठं मंगळसूत्र गहाण होतं. सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेल्यावर गहाणाचे पैसेही भरपूर आले. पुरलेलं सोनं शोधण्यासाठी अंगावरचं सोनं ठेवलं. व्याज दर महिन्याला जातंय. हा खरा हिशेब मी स्वतः मांडलाय, आणि त्यात जमेची बाजू कोरी आहे.

खऱ्या मेटल डिटेक्टरबद्दलही सांगून टाकतो, कारण दादाच्या टोळीने नंतर तोही भाड्याने आणला. तो खरा असतो, विजेच्या गुंडाळीने जमिनीत चुंबकीय लहरी सोडतो आणि धातूकडून आलेला प्रतिसाद टिपतो. पण सुटं नाणं साधारण वीतभर, फार तर दीड वीत खोल असेल तोवरच त्याला कळतं. मोठी वस्तू थोडी आणखी खोल. दहा-वीस फुटांखालचा हंडा तो सांगत नाही. आणि आपला सह्याद्री बसाल्टचा, लोहाचे कण भरलेला. त्यावर डिटेक्टर जागोजाग वाजतो. तुम्हाला जो बीप ऐकू येतो तो सोन्याचा नाही, डोंगराचा आहे. मशीन विकणारा हे सांगत नाही, कारण जेवढे बीप तेवढी त्याची विक्री.

हा खेळ फक्त संगमनेरचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला. पडद्यावर बुऱ्हाणपूरची लूट दिसली, आणि मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या शेतांत रात्री शेकडो माणसं बॅटऱ्या, चाळण्या, मेटल डिटेक्टर घेऊन मोगलांची नाणी शोधायला खणू लागली. शेतकऱ्यांच्या शेतांची चाळण झाली, शेवटी पोलीस आणि प्रशासन मधे पडलं. सिनेमाला मी दोष देत नाही. पण सिनेमा बघून रात्री शेत खणायला जाण्यासाठी आधी मनाची मशागत झालेली लागते, ती या रीलनी केली आहे. आणि सरकार शहाणं असतं असंही समजू नका. २०१३ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात उन्नावजवळच्या डौंडिया खेडा इथे एका साधूच्या स्वप्नात हजार टन सोनं आलं, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खनन सुरू केलं. त्या वेळी रिझर्व्ह बँकेच्या सगळ्या साठ्यात ५५७ टन सोनं होतं. म्हणजे एका पडक्या गढीखाली देशाच्या तिजोरीच्या जवळपास दुप्पट! काही आठवड्यांनी खापरं, विटा, बांगड्यांचे तुकडे हाती घेऊन काम थांबलं.

यातला सगळ्यात काळा भाग लिहायला हात जड होतो. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात एकामागून एक खून झाले, त्यात लहान मुली होत्या. त्यामागे गुप्तधनाचा आणि नरबळीचा विचार होता. ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे म्हणून सोडून देऊ नका. नरेंद्र दाभोलकरांचा ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षाच्या शेवटी जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तूंच्या, गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी कृत्यं करणं स्पष्ट गुन्हा म्हणून लिहावं लागलं आहे. कायदा उगाच काही लिहीत नाही. ज्या गोष्टी घडतात त्याच लिहितो. दादाच्या टोळीतला एक जण मला म्हणाला होता, "पायाळू पोरगं मिळालं असतं तर काम सोपं झालं असतं." पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं मूल. त्याला जमिनीतलं दिसतं असा समज. तो हे सहज म्हणाला, चहा पिता पिता. मी त्या दिवसापासून दादाशी भांडण सोडलं आणि पोलीस पाटलांशी बोललो. दादा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. चालेल.

माणसांपाठोपाठ दगडांची पाळी. अकोले तालुक्यातल्या एका पडक्या मंदिरात मी स्वतः पाहिलं, नंदी जागेवरून ढकललेला, त्याच्या खाली कमरेएवढा खड्डा, आत नारळ, लिंबं, हळद-कुंकू. बाहेर दोन वीरगळ पालथे पडलेले. वीरगळ म्हणजे गावासाठी लढून मेलेल्या माणसाचा दगड. त्याच्या खाली धन असतं असं कुणीतरी सांगितलं. आठशे वर्षं ऊन-पाऊस खाल्लेला दगड एका रात्रीत दोन तुकडे झाला. त्या मेलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे दुसरं काहीही नव्हतं, तेवढा दगड होता.

बरं, जमिनीत कधीच काही सापडत नाही असं मी म्हणत नाही. सापडतं. नांगराला गाडगं लागतं, घराचा पाया खणताना नाणी निघतात. धामधुमीच्या काळात कुणा सावकाराने, कुणा कुणब्याने घरच्या घरी ठेवलेली ती पुंजी असते. राजाचा खजिना नव्हे. त्यासाठी १८७८ चा कायदा आहे, भारतीय निखात निधी अधिनियम. दहा रुपयांच्या वर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. जुना मालक कुणी निघाला नाही तर सापडवणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटणी मिळते, त्यात सापडवणाऱ्याचा वाटा तीन चतुर्थांशपर्यंत असू शकतो. सरकारला वस्तू ठेवायची असेल तर धातूची किंमत आणि वर पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. नीट वाचा, इंग्रजांनी केलेला कायदा तुम्हाला जेवढं द्यायला तयार आहे तेवढं तो मांत्रिक देत नाही. मांत्रिकाचा करार नेहमी अर्ध्या-अर्ध्याचा असतो आणि त्याचं अर्ध तो आगाऊ घेतो. अर्थात हे आपल्या शेतात, चुकून सापडलेल्या वस्तूबद्दल. दुसऱ्याच्या शेतात घुसून किंवा संरक्षित किल्ल्यावर खणणं हा वेगळा गुन्हा आहे, तिथे वाटणी नाही.

आता कुणीतरी म्हणेल, मग तू शेवटी 'आपला इतिहास हाच खरा खजिना' असं काहीतरी गुळगुळीत सांगणार. नाही सांगणार. इतिहासाने दादाचं व्याज भरत नाही. पण प्रवरेच्या काठाने खरोखर काय निघालं हे माहीत असावं एवढं म्हणतो, कारण आपल्या पोरांना नकाशावरचं लाल वर्तुळ माहीत आहे आणि जोर्वे माहीत नाही. जोर्वे हे आपल्याच तालुक्यातलं गाव, प्रवरेकाठचं. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. लाल मातीची, काळ्या नक्षीची भांडी मिळाली, तोटीची सुबक भांडी, तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी. त्यानंतर तशीच भांडी इनामगावला, नेवाशाला, आणखी कितीतरी ठिकाणी मिळाली, आणि तीन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात शेती करून राहणाऱ्या त्या लोकांच्या संस्कृतीला जगाने नाव दिलं, जोर्वे. पुरातत्त्व शिकणारी देशोदेशीची मुलं परीक्षेत आपल्या तालुक्यातल्या गावाचं नाव लिहितात.

या लोकांची एक रीत होती. घरात लहान मूल गेलं तर त्याला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरायचे. अशी पुरलेली भांडी इनामगावात, नेवाशात निघाली आहेत. म्हणजे आपल्या मुलखात जमिनीखाली पुरलेले हंडे खरोखर आहेत. त्यात आईबापांनी ठेवलेली मुलं आहेत.

आणि प्रवरेच्याच खालच्या अंगाला, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद. तिथे १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड उकरताना चार वस्तू सापडल्या: रथ, हत्ती, गेंडा, रेडा. ओतीव, भरीव, मिळून साठ किलोंच्या वर. सोनं नाही, तांब्याच्या जातीचं. भारतात अशा जोडीला जोड नाही. कुठलं मशीन नव्हतं, पूजा नव्हती, पायाळू नव्हता. मोडीच्या भावात विकल्या असत्या तर एका म्हशीचेही पैसे झाले नसते. त्या वस्तू सरकारजमा झाल्या, म्हणून आज संग्रहालयात आहेत.

मी हे दादाला गेल्या महिन्यात सांगितलं, मनात म्हटलं, बघू, काही फरक पडतो का. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, रथाचा फोटोही झूम करून पाहिला. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, सोबत कुठलीशी रील. दायमाबादला म्हणे अजून एक रथ आहे, आणि तो सोन्याचा आहे.